मुखदुर्बळ सल्लागाराने नाव कसे कमवावे?

वाचकाचे पत्र

माझे वय 32 आहे. कृषी पदवीनंतर काही वर्षे मी एका औषध कंपनीत विक्री प्रतिनिधी होतो. दोन हंगामांपूर्वी नोकरी सोडली आणि तासगाव-पलूस भागातल्या द्राक्षबागांना स्वतंत्रपणे सल्ला देऊ लागलो. आज साधारण 40 एकर बाग माझ्या सल्ल्यावर चालते. आहेत ते बागायतदार समाधानी आहेत, पण नवे कोणी येत नाही. मी मुखदुर्बळ आहे. चार माणसांत अडखळतो, आणि प्रश्न विचारला की लगेच उत्तर न देता रोजच्या नोंदींची वही बघून, बाग बघून सांगतो. आमच्याच भागातले दुसरे एक सल्लागार चर्चासत्रात बोलायला उभे राहिले की माणसे जागची हलत नाहीत. मित्र म्हणतात, आता स्वतःचा ब्रँड लागतो. टोपी घाल, ‘द्राक्षगुरू’ नाव घे, रोज एक रील टाक. त्यांच्या आग्रहाने चार व्हिडिओ केले. ते पाहून गावातला एक बागायतदार हसून म्हणाला, “हे तू बोलतोयस होय?” आता एका कंपनीने चॅनेलचा सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे, अट एवढीच की व्हिडिओत त्यांच्या उत्पादनांची नावे यावीत. महिनाअखेर उत्तर द्यायचे आहे. मी स्वभाव बदलावा, की आहे तेवढ्यावर समाधान मानावे?

– एक संकोची सल्लागार, जि. सांगली

उत्तर

नमस्कार.

तुम्ही दोनच पर्याय मांडले आहेत आणि माझ्या मते ते दोन्ही चुकीचे आहेत. स्वभाव बदलण्याची गरज नाही, आणि 40 एकरांवर थांबण्याचीही नाही. तुमची खरी अडचण तुमच्या पत्रातच आहे, फक्त तुम्ही तिला अडचण म्हटलेले नाही. ते दुसरे सल्लागार बोलतात तेव्हा त्यांचे काम आपोआप चारचौघांसमोर येते, कारण बोलणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. तुमचे काम मात्र वहीत सुरू होते आणि वहीतच मिटते. ज्याची बाग तुम्ही पाहता त्याला ते कळते. शेजारच्या बांधावरच्या माणसाला तुम्ही नेमके काय करता हे सांगताच येणार नाही. तेव्हा आपला आवाज कसा वाढवायचा, या प्रश्नाऐवजी वहीतले काम बांधापलीकडे कसे दिसेल, या प्रश्नावर विचार करू.

त्या बागायतदाराच्या हसण्याचा अर्थ तुम्ही ‘मला बोलता येत नाही’ असा घेतला आहे. मला तो तसा वाटत नाही. तो तुम्हाला ओळखतो, म्हणून त्याला उसना आवाज लगेच कळला. मोठ्या शहरात, अनोळखी प्रेक्षकांसमोर, एखाद्याने वर्षानुवर्षे वेगळे सोंग वठवले तरी ते खपून जाऊ शकते. तुमच्या व्यवसायात तसे होत नाही. तुमचे पुढचे गिऱ्हाईक हे आजच्या गिऱ्हाइकाचा मेहुणा, त्याच सोसायटीचा सभासद किंवा बेदाण्याच्या सौद्याला शेजारी उभा असलेला माणूस असणार आहे. व्हिडिओ पाहून तो फोन करेलही, पण पहिल्याच भेटीत त्याच्यासमोर टोपीवाला द्राक्षगुरू न येता अडखळणारा, वही उघडणारा माणूस आला, तर तुमच्या खऱ्या गुणांवरही त्याचा विश्वास बसणार नाही. ज्या वेषात त्याने तुम्हाला पाहिले, त्याच वेषात तुम्ही त्याच्या द्राक्षमांडवाखाली उभे राहायला हवे. सोंग न घेण्यामागे माझ्या लेखी नीतीपेक्षाही हे व्यवहाराचे कारण मोठे आहे.

आता तुमच्या स्वभावाची किंमत बागायतदाराच्या बाजूने लावून पाहा. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतचे चार-साडेचार महिने त्याने हातातला आणि बहुधा कर्जाचाही पैसा बागेत ओतलेला असतो. पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे फुटताना, पाऊस झाला की डाऊनी या रोगाची धास्ती, फुलोऱ्यात ढगाळ हवा आली की घडकुजीची, पुढे थंडी वाढली की भुरी रोगाची. त्यात औषध दुकानदार एक सांगतो, कंपनीचा माणूस दुसरे, पाहुणा तिसरे, आणि व्हॉट्सॲपवर रोज नवी टॉनिके येऊन आदळतात. अशा माणसाकडे उत्साही बोलण्याचा तुटवडा नसतो. त्याला हवा असतो असा कोणीतरी, जो शांतपणे सांगेल की आज फवारायचे की नाही, आणि का. घाईने न बोलणे, लिहून ठेवणे, मागचे काढून बघणे, या तुमच्या सवयींची त्याला नेमकी गरज आहे. तुम्ही त्या पत्रात कबुलीजबाब दिल्यासारख्या सांगितल्या आहेत, हे मला खटकले.

स्वतःचे बलस्थान ओळखण्यासाठी लोक हल्ली इंटरनेटवरच्या व्यक्तिमत्त्व चाचण्या देतात आणि चार अक्षरांचे एक लेबल घेऊन परततात. करमणूक म्हणून त्या द्यायला हरकत नाही. परंतु त्याच माणसाला काही आठवड्यांनी वेगळे लेबल मिळू शकते, म्हणून त्यांच्यावर व्यवसाय उभा करू नये. तुमच्याकडे त्याहून चांगली चाचणी आहे. तुमच्या तीन बागायतदारांना, आणि शक्य असेल तर तुम्हाला सोडून गेलेल्या एकाला, प्रत्यक्ष भेटून विचारा. “मी कसा वाटतो?” असे विचारू नका, त्यावर सगळे “चांगला” म्हणतील. “गेल्या हंगामात कोणत्या वेळी तुम्हाला मलाच फोन करावासा वाटला, आणि कोणत्या वेळी दुसऱ्याला केला?” असे विचारा. उत्तरांतल्या विशेषणांकडे दुर्लक्ष करून क्रियापदे टिपून घ्या: “तू थांबवलेस”, “तू मागची तारीख काढून दाखवलीस”, “तू दोनदा आलास”. दोन-तीन तोंडांतून तेच क्रियापद आले, तर तुमचे नाव त्यावर उभे राहू शकते. सोडून गेलेल्याचे उत्तर बहुधा झोंबेल, पण माझा अंदाज आहे की सर्वांत उपयोगी तेच ठरेल.

माझी समजूत अशी आहे की ते क्रियापद वहीशी जोडलेले निघेल. म्हणून वहीविषयी जरा सविस्तर लिहितो.

निर्यातीच्या बागांना नोंदींचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. 2010 च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास लिहोसिन म्हणतात त्याचे, अवशेष मर्यादेबाहेर आढळले आणि निर्यातदारांसह बागायतदार पार अडचणीत आले. आज अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट व्यवस्थेत निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, फवारणीच्या नोंदी ठेवाव्या लागतात, आणि नमुना प्रयोगशाळेत तपासल्यावरच माल पुढे जातो. कोणते औषध चालते, त्याची अवशेष मर्यादा किती आणि काढणीआधी किती दिवस ते थांबवायचे, याची यादी पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र देते. बहुतेक बागांत या नोंदी तपासणीपुरत्या, पुष्कळदा हंगाम संपता संपता आठवून लिहिल्या जातात. स्थानिक बाजाराच्या किंवा बेदाण्याच्या बागेत तर त्या नसतातच. तुम्ही त्या रोज लिहिता, आणि कोणी न सांगता लिहिता. माणसाचा स्वभाव असा न सांगता केलेल्या कामातच सापडतो.

मग ही वही बागायतदाराच्या हातात जाऊ द्या. प्रत्येक भेटीनंतर एक कागद, हाताने लिहिलेला किंवा फोनवरून पाठवलेला, ज्यात तीनच गोष्टी असतील: आज बागेत काय दिसले, काय करायचे, आणि काय करायचे नाही व का. तिसऱ्या गोष्टीवर सर्वांत जास्त भर द्या. काय फवारायचे हे सांगणारे पुष्कळ आहेत. अमुक फवारणी गाळली आणि तिचे कारण हे, असे लिहून सही करणारा मला क्वचितच आढळला आहे. काढणी झाली की या कागदांची एक हंगाम वही करून प्रत्येक बागायतदाराला द्या. छाटणीची तारीख, पावसाचे दिवस, देठ परीक्षणाचा निकाल, जीए या संजीवकात घड बुडवण्याच्या (डिपिंगच्या) तारखा, फवारण्या, गाळलेल्या फवारण्या, आणि शेवटी एकरी औषधांचा खर्च. तुमचा सल्ला जिथे चुकला तेही त्यात लिहा, कारण चूक झाकलेली वही ही जाहिरात असते आणि बागायतदाराला ती वाचताच कळते. एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी ही वही त्याच्या घरात असेल, चहाला आलेला पाहुणा ती चाळेल, आणि “ही कोणी दिली?” असे विचारेल. तुमच्या जागी मी असतो, तर चार व्हिडिओंच्या आधी ही एक वही केली असती.

हे तुमच्या भागाला नवेही नाही. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी याच पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदारांना बरोबर घेऊन प्रयोग परिवार उभा केला, त्याची रीतच अशी होती की प्रत्येकाने आपल्या बागेत मोजावे, मांडावे आणि एकमेकांना कळवावे. कृषी पदवी नसलेल्या माणसाचे नाव बागायतदारांच्या तोंडी राहिले, ते या मोजण्या-मांडण्यामुळे. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन या द्राक्षजातीतून सोनाका ही नवी जात निवडली, तीही वेलींकडे इतरांपेक्षा अधिक बारकाईने आणि अधिक काळ पाहत राहिल्यामुळे. द्राक्षाच्या क्षेत्रात निरीक्षण करणाऱ्यांची एक मोठी परंपरा आहे, आणि तुम्ही स्वभावानेच तिच्यात बसता. मित्रांनी मात्र तुम्हाला वक्त्यांच्या रांगेत शेवटचा नंबर दिला आहे.

इथपर्यंत तुमची बाजू घेतली, आता एक कडू गोष्ट. स्वभावाच्या नावाखाली काही उणिवाही लपतात, आणि तुमची एक उणीव धोक्याची आहे. “बाग बघून उद्या सांगतो” हे वाक्य जीएच्या मात्रेविषयी किंवा खताविषयी ठीक आहे. पण छाटणीनंतर महिनाभराच्या कोवळ्या बागेत संध्याकाळी पाऊस झाला, पाने रात्रभर ओली राहिली आणि सकाळी सहा वाजता बागायतदाराचा फोन आला, तर डाऊनी तुमच्या उद्याची वाट पाहत नाही. त्या वेळी जो ताबडतोब उत्तर देतो, मग ते अर्धवट का असेना, त्याच्याकडे माणूस जातो, आणि त्यात बागायतदाराची चूक नाही. सोडून गेलेल्या माणसाला विचारा असे म्हटले, ते याच शंकेने.

यावर उपाय म्हणून भराभर बोलायला शिकण्याची गरज नाही. जे तुम्हाला घाईत जमत नाही ते निवांतपणी आधीच करून ठेवा. ऑक्टोबर छाटणीच्या आधी प्रत्येक बागेसाठी पावसाचा एक पानी आराखडा लिहा. पोंग्यात पाऊस झाला तर काय, सात-आठ पानांवर झाला तर काय, फुलोऱ्यात झाला तर काय; कोणते औषध घरात आणून ठेवायचे, कोणते दोन एकत्र मिसळायचे नाहीत, जमीन ओली राहून वाफसा नसल्याने ट्रॅक्टर आत जात नसेल तर काय करायचे. हे पान बागायतदाराच्या शेडमध्ये चिकटवा. मग सकाळी सहाचा फोन आला की तुम्हाला विचार करायचा नसतो, “पान काढा, दुसरी ओळ करा, मी नऊपर्यंत पोहोचतो” एवढेच सांगायचे असते. मुखदुर्बळ माणसालाही हे वाक्य जमते. शिवाय फोन उचलणे, न उचलल्यास तासाभरात परत करणे, ठरल्या वेळी पोहोचणे, यांतले काहीही स्वभावावर अवलंबून नाही. या बाबतीत “मी असाच आहे” ही सबब कोणालाच देता येत नाही.

चर्चासत्रात बोलावे की नाही? कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ब्रायन लिटल यांचे म्हणणे असे की, ज्या कामाविषयी मनापासून आस्था आहे त्यासाठी माणूस आपल्या प्रकृतीविरुद्धही काही काळ वागू शकतो, मात्र त्यानंतर त्याला आपल्या मूळ रीतीत परतून विसावा घ्यावा लागतो. म्हणून वर्षातून एखाद्या वेळी, तुमच्याकडे सांगण्यासारखे काही असेल तेव्हा, तयारी करून अवश्य बोला. दर आठवड्याला मात्र नको. एरवी तुमचे व्यासपीठ म्हणजे मांडवाखालची आठ-दहा माणसांची शिवारफेरी. तिथे सगळ्यांचे डोळे तुमच्या चेहऱ्याकडे नसून घडाकडे असतात, हातात पान असते, आणि प्रश्न समोरच्या वेलीविषयी असतो. अशा ठिकाणी अडखळणारी माणसे सरळ बोलू लागतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. आणखी एक सांगतो, कारण विक्रीला बडबड लागते ही तुमच्या मित्रांची पक्की समजूत दिसते. 2013 साली ॲडम ग्रँट या अमेरिकी संशोधकाने कॉल सेंटरमधील 340 विक्रेत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत जास्त विक्री अतिशय बोलक्यांची नव्हती आणि अतिशय अबोलांचीही नव्हती, ती मधल्या स्वभावाच्या माणसांची होती. कॉल सेंटर आणि द्राक्षबाग यांत अंतर आहे हे मान्य. तरी बोलके तेवढेच पुढे जातात, ही समजूत यावरून तरी टिकत नाही.

व्हिडिओ सोडूनच द्या असेही माझे म्हणणे नाही. फक्त त्यात तुमचा चेहरा आणि टोपी असण्याची गरज नाही. कॅमेरा पानावर धरा, तुमचे बोट दिसू द्या, आणि जे दिसते ते तुमच्या नेहमीच्या आवाजात, तासगावी बोलीत, मिनिटभरात सांगा: आज छाटणीचा अमुकावा दिवस, पानाच्या मागे हे पांढरे दिसते, ही डाऊनी आहे, ही भुरी नाही, फरक असा ओळखा. अडखळलात तर तसेच राहू द्या. आठवड्यातून एक, ठरलेल्या वारी, एवढे पुरे. रोज टाकायचे म्हटले की सांगण्यासारखे नसतानाही काहीतरी सांगावे लागते, आणि बागेत विनाकारण फवारण्या वाढतात त्या अशाच कारणाने. तुमचा हात लेखनाकडे वळत असेल, तर दर रविवारी सकाळी “या आठवड्यात काय करू नये” असा दहा ओळींचा व्हॉट्सॲप संदेश व्हिडिओपेक्षाही चांगला. तो पुढे पाठवला जातो, आणि त्याखाली तुमचे नाव असते. नाव म्हणजे तुमचे स्वतःचे नाव आणि गाव. ‘द्राक्षगुरू’ नको. गुरू म्हटले की चुकण्याची मुभा संपते, आणि तुमच्या हंगाम वहीत तर चुका लिहिलेल्या असणार आहेत.

हे सारे सावकाश होईल. पहिल्या हंगामात पाच-सात एकरच वाढले तर निराश होऊ नका. काही बागायतदारांना खात्रीने आणि जोरात बोलणाराच माणूस हवा असतो; कागद वाचायचा त्यांना कंटाळा असतो. ते त्या दुसऱ्या सल्लागारांकडे जाणार, आणि जाऊ द्यावेत. त्या सल्लागारांशी स्पर्धा करण्यापेक्षा सौहार्द ठेवा. त्यांच्याकडे जास्त झालेल्या बागांपैकी शांत सल्ला हवा असलेल्या बागा उद्या तेच तुमच्याकडे पाठवू शकतात.

राहिला कंपनीचा प्रस्ताव. माझे मत स्पष्ट आहे: नाही म्हणा. तुम्ही स्वतः विक्री प्रतिनिधी होता, त्यामुळे त्या पैशामागचे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तुमच्या सगळ्या कामाचा कणा “काय फवारू नये” हा आहे. ज्या दिवशी तुमच्या व्हिडिओत एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव पैशापोटी येईल, त्या दिवसापासून तुम्ही गाळलेल्या प्रत्येक फवारणीकडेही बागायतदार संशयाने पाहील, कारण ती दुसऱ्या कंपनीची असू शकते. प्रायोजकाचे नाव उघड सांगून हा प्रश्न काही अंशी सुटतो, हे खरे. प्रस्थापित सल्लागाराला ते कदाचित पेलेलही. दोन हंगामांच्या सल्लागाराला नाही. त्यापेक्षा तुमच्या प्रत्येक कागदाच्या खाली एक ओळ छापा: मला बागायतदाराकडून एकरी ठरलेली फी मिळते, दुकान किंवा कंपनीकडून काहीही मिळत नाही. मात्र ही ओळ खरी असेल तरच. जुन्या कंपनीशी किंवा एखाद्या दुकानाशी थोडाही व्यवहार चालू असेल, तर आधी तो बंद करा किंवा तोच त्या ओळीत लिहा.

उत्तर लिहिताना कारणांचा पाढा वाचू नका, आणि संकोची माणसे हमखास करतात तसे “सध्या नको, पुढे बघू” असेही लिहू नका. त्या वाक्यावर दर छाटणीला नवा फोन येईल. प्रस्तावाबद्दल आभार, मी कोणत्याही कंपनीचे प्रायोजकत्व घेत नाही, आपल्या उत्पादनांच्या चाचण्यांची माहिती असल्यास जरूर पाठवावी, मी वाचीन. चार ओळी पुरेत, आणि त्या महिनाअखेरीची वाट न पाहता याच आठवड्यात पाठवा.